आठ मिलिमीटरांचा प्रश्न

२००५ साली ‘न्यूरोइमेज’ या नियतकालिकात डेरेक जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. स्किझोफ्रेनिया असलेली १४ माणसं आणि तो नसलेली १४ माणसं, अशा दोन गटांच्या मेंदूंतल्या पांढऱ्या द्रव्याची एमआरआय चित्रं त्यांच्याकडे होती. दोन गटांत फरक कुठे दिसतो, हे पाहायचं होतं. असे अभ्यास त्या काळात पुष्कळ चालू होते. यांनी मात्र एकच विश्लेषण पुन्हा पुन्हा केलं आणि दर वेळी त्यातला एक आकडा तेवढा बदलला. चित्र किती ‘स्मूद’ करायचं, हा तो आकडा. शून्यापासून १६ मिलिमीटरपर्यंत त्यांनी तो फिरवून पाहिला. काही आकड्यांवर दोन गटांत फरकच नव्हता. काही आकड्यांवर कानाच्या वरच्या अंगाला असलेल्या मेंदूच्या वळीत फरक दिसला. काही आकड्यांवर तो लहान मेंदूत दिसला, तर काहींवर दोन्हीकडे.

माणसं तीच, यंत्र तेच, आजार तोच आणि निष्कर्ष चार. यातला कुठलाही एक सुटा छापला असता, तर वाचणाऱ्याला शंका यायचं काही कारण नव्हतं. हा आकडा निबंधात पद्धतीच्या परिच्छेदात अर्ध्या ओळीत येतो आणि वाचणाऱ्याची नजर त्यावरून सरकून जाते. म्हणूनच मला हा निबंध मेंदूविज्ञानातल्या कित्येक गाजलेल्या शोधांहून महत्त्वाचा वाटतो.

वर्तमानपत्रांत मेंदूची जी चित्रं छापली जातात, त्यांत करड्या मेंदूवर लाल-पिवळे डाग असतात. भीती वाटली की हा भाग उजळतो, पैसे मिळाले की तो. त्या डागांच्या कडा किती गोलसर असतात, ते कधी निरखून पाहा. यंत्रातून आलेलं कच्चं चित्र तसं नसतं. ते तांदळात खडे मिसळावेत तसं खरखरीत, ठिपक्याठिपक्यांचं असतं. गोलाई नंतर स्मूदिंगने आणलेली असते, आणि ती का आणावी लागते याला चांगलं कारण आहे.

ही चित्रं ज्या तंत्राने काढतात त्या एफएमआरआयचा पाया सेइजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घातला. रक्तातल्या हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे चुंबकीय गुण बदलतात. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिथे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो आणि एमआरआयचा संकेत किंचित चढतो. या ‘किंचित’ शब्दातच सगळी अडचण आहे. नेहमीच्या यंत्रांवर हा चढ एक-दोन टक्क्यांचा, पुष्कळदा त्याहूनही कमी असतो. आत झोपलेला माणूस श्वास घेतो, त्याचं हृदय धडधडतं, तो डोकं केसभर हलवतो, यंत्राच्या वेटोळ्यांत विजेची खरखर असते. हा सगळा गोंगाट मिळून मूळ संकेताएवढा किंवा त्याच्याही वरचढ होतो.

चित्र बनतं ते छोट्या घनांचं. त्यांना व्होक्सेल म्हणतात. प्रत्येक बाजू ३ मिलिमीटर धरली तर एका मेंदूत पन्नास हजारांच्या आसपास व्होक्सेल बसतात. स्मूदिंग म्हणजे प्रत्येक व्होक्सेलच्या जागी त्याची आणि त्याच्या शेजाऱ्यांची मिळून सरासरी लिहिणं. शेजारी जितका लांब, तितकं त्याचं वजन कमी. हे वजन घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे उतरत जातं आणि त्या घंटेची निम्म्या उंचीवर मोजलेली रुंदी म्हणजे आपला आकडा. ८ मिलिमीटरचं स्मूदिंग केलं, तर मध्यापासून ४ मिलिमीटरवरच्या शेजाऱ्याचं वजन निम्मं असतं, ८ मिलिमीटरवरच्याचं सोळावा हिस्सा आणि १२ मिलिमीटरवरच्याचं पाचशेबारावा. गोंगाट कधी वर, कधी खाली जातो, त्यामुळे सरासरीत तो स्वतःलाच खोडून काढतो. संकेत मात्र शेजाऱ्याशेजाऱ्यांत सारखा असेल, तर टिकून राहतो.

‘सारखा असेल तर’ ही अट सोपी नाही. सातारा जिल्ह्याचा पाऊस डोळ्यांपुढे आणा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एखाद्या पर्जन्यमापकाची नोंद बिघडलेली असेल म्हणून आजूबाजूच्या गावांची सरासरी काढणं शहाणपणाचं आहे. माणदेशातल्या चार गावांची सरासरी काढली, तर आकडा पक्का होईल. पण सगळ्या जिल्ह्याची काढली, तर जो आकडा येईल तितका पाऊस ना महाबळेश्वरात पडतो, ना दहिवडीत. तो आकडा चुकलेला नसतो. तो कुठल्याच गावाचा नसतो, इतकंच. सरासरी कुठवर काढायची, हे पाऊस किती दूरवर एकसारखा आहे त्यावर ठरतं. मेंदूतही हेच.

अभियंत्यांना हे आधीच ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या खरखरीतून विमानाचा प्रतिध्वनी कसा वेचायचा, या प्रश्नावर डी. ओ. नॉर्थ यांनी १९४३ साली उत्तर दिलं. जो आकार शोधायचा आहे, त्याच आकाराची गाळणी वापरली की संकेत गोंगाटातून सर्वांत ठळक उठून येतो. मेंदूच्या चित्रांना लावायचं तर १० मिलिमीटर पसरलेला डाग शोधताना १० मिलिमीटरचं स्मूदिंग करा, ४ मिलिमीटरचा शोधताना ४.

थोडं गणित करून पाहू, कारण त्यातून जे दिसतं ते शब्दांनी नीट पटत नाही. समजा, व्होक्सेल ३ मिलिमीटरचे आहेत आणि प्रत्येकातला गोंगाट शेजाऱ्यापासून स्वतंत्र आहे. ८ मिलिमीटरच्या स्मूदिंगने तो आठव्या हिश्श्यावर येतो. हा झाला फायदा. आता संकेताचं काय होतं ते बघा. घंटेच्या आकाराच्या डागाला घंटेच्या आकाराने पसरवलं की दोन रुंदींच्या वर्गांची बेरीज होते, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखी. १२ मिलिमीटरचा डाग साडेचौदा मिलिमीटरचा होतो आणि त्याची उंची सुमारे ५८ टक्के उरते. गोंगाट आठ पटींनी उतरला, संकेत निम्माही उतरला नाही, म्हणजे डाग पूर्वीपेक्षा साडेचार पट ठळक झाला. आता ४ मिलिमीटरचा डाग घ्या. तो ९ मिलिमीटरांपर्यंत पसरतो आणि त्याची उंची फक्त ९ टक्के उरते. गोंगाट १२ टक्क्यांवर थांबलेला असतो. म्हणजे जो डाग दिसावा म्हणून एवढा खटाटोप केला, तो पूर्वीपेक्षा जास्त बुडाला. एकाच आकड्याने मोठा डाग तारला आणि लहान डाग मारला.

जोन्स यांच्या चार निष्कर्षांमागे बहुतांशी हेच होतं. प्रत्येक रुंदी वेगळ्या आकाराच्या फरकांना दाद देते. स्मूदिंगचा आकडा हा चित्र साफ करण्याचा आकडा आहे, असं शिकवलं जातं, आणि मला वाटतं घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. तो प्रश्नाचाच भाग आहे. ‘दोन गटांत फरक आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘१२ मिलिमीटर पसरलेला फरक आहे का?’ हा पूर्ण प्रश्न झाला. आकडा बदलला की आपण दुसराच प्रश्न विचारत असतो आणि उत्तर पहिल्याचं म्हणून छापतो.

व्यवहारात मात्र हा आकडा पुष्कळदा कुणी ठरवतच नाही. लंडनमध्ये घडलेल्या एसपीएम या आज्ञावलीत तो खिडकी उघडताच ८ असा भरून येतो. ऑक्सफर्डच्या एफएसएलमध्ये ५ असतो. अमेरिकेतल्या एएफएनआयच्या ठरीव साच्यात ४. संशोधक ज्या प्रयोगशाळेत वाढला, तिथे जी आज्ञावली वापरात होती तिचा आकडा त्याच्या निबंधात उतरतो. नवख्या विद्यार्थ्याने ‘८ च का?’ असं विचारलं, तर ‘सगळे तेवढाच घेतात’ हे उत्तर मिळतं. ते खोटं नसतं, पण ते कारणही नसतं.

कारणं नाहीत असं नाही. एक कारण माणसामाणसांतल्या फरकाचं आहे. वीस जणांचे मेंदू एका प्रमाण नकाशावर ताणून बसवले, तरी त्यांच्या वळ्या आणि खाचा एकमेकींवर तंतोतंत येत नाहीत. चेहरे ओळखणारा भाग एकाचा इथे, तर दुसऱ्याचा काही मिलिमीटर पलीकडे. स्मूदिंगने ते डाग पसरतात आणि एकमेकांवर येतात. दुसरं कारण गणिताचं आहे आणि ते मॉन्ट्रियलच्या कीथ वॉर्स्ली यांच्यामुळे आलं. पन्नास हजार व्होक्सेलमध्ये पन्नास हजार चाचण्या घेतल्या, तर काही निव्वळ योगायोगाने उजळणारच. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’ आणि पुरेशी दुरुस्ती न केलेल्या आकडेमोडीत त्याच्या मेंदूत हालचाल सापडली, ती यामुळेच. वॉर्स्ली यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की चित्र पुरेसं मऊ असेल तर व्होक्सेल मोजायची गरज नाही. उंचसखल भूप्रदेशात ठरावीक उंचीच्या वर किती टेकड्या योगायोगाने डोकं काढतील, याचा हिशोब भूमितीने करता येतो. पण त्यासाठी चित्राचा मऊपणा व्होक्सेलच्या निदान दोन-तीन पट हवा. ३ मिलिमीटरच्या व्होक्सेलवर ८ मिलिमीटर हा आकडा त्या अटीत नेमका बसतो.

हिशोब देखणा आहे, पण त्याच्या गृहीतकांची पुरती परीक्षा फार उशिरा झाली. २०१६ साली आंडर्स एकलुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी निवांत पडून राहिलेल्या ४९९ निरोगी माणसांची माहिती घेतली, त्यांचे मनाला येतील तसे गट पाडले आणि त्यांच्यात ‘फरक’ शोधला. फरक असायचं कारणच नव्हतं. शंभरात पाच वेळा खोटा डाग दिसावा अशी परवानगी असते, पण डागाच्या आकारमानावर बेतलेल्या काही पद्धतींत तो सत्तर वेळांपर्यंत दिसला. चित्राचा मऊपणा सगळीकडे एकसारखा आणि घंटेच्या आकाराचा आहे असं धरलं होतं आणि तो तसा नव्हता. एकेका व्होक्सेलच्या उंचीवर बेतलेल्या चाचण्या मात्र या परीक्षेत टिकल्या, हेही सांगायला हवं. त्या वेळच्या ठळक मथळ्यांत तेवढंच राहून गेलं.

आता हा आकडा कुठे खरोखर घात करतो, ते पाहू. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत विजेची तार बसवण्याची जी शस्त्रक्रिया करतात, तिचं एक मुख्य लक्ष्य म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लिअस. हाती घेतलेली हालचाल आयत्या वेळी थोपवण्यात त्याचा वाटा आहे असं मानतात, त्यामुळे त्यावर एफएमआरआयचे कितीतरी अभ्यास झाले. त्याचा आकार मसुरीसारखा दोन्ही बाजूंनी फुगीर, आकारमान मसुरीहून मोठं. ३ मिलिमीटरचे जेमतेम पाच-सहा व्होक्सेल. त्याला अगदी लागून सबस्टान्शिया नायग्रा हा वेगळ्या कामाचा भाग आहे. ८ मिलिमीटर व्यासाचा गोळा घेतला तरी तो या न्यूक्लिअसच्या जवळपास दुप्पट भरतो. तेवढं स्मूदिंग केल्यावर ‘इथे हालचाल दिसली’ असं म्हणताना नेमकं कुठे, हे कुणालाच सांगता येत नाही. ॲमस्टरडॅमच्या गिलेस द होलँडर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे दोन संकेत कसे एकमेकांत मिसळतात ते मांडलं. दोन डाग एकमेकांपासून ६ मिलिमीटरवर असले, तर ८ मिलिमीटरच्या स्मूदिंगनंतर त्यांचा एकच डाग होतो आणि त्याचं शिखर दोघांच्या मधोमध येतं. तिथे कदाचित काहीच घडलेलं नसतं.

दुसरा घात कॉर्टेक्समध्ये होतो. कॉर्टेक्स म्हणजे मेंदूची बाहेरची साल, दोन ते चार मिलिमीटर जाड आणि कागद चुरगाळावा तशी घडीघडीची. सह्याद्रीच्या धारेवरचं एखादं गाव आणि खाली कोकणातलं गाव नकाशावर टेकल्यासारखी दिसतात, पण एसटीने जायचं तर सगळा घाट उतरून जावं लागतं, आणि पाऊस, पिकं, बोली सगळं वेगळं असतं. मेंदूच्या खाचेचे दोन काठ तसेच. मोजपट्टीने काही मिलिमीटर, पण सालीवरून चालत गेलं तर कितीतरी लांब, आणि कामंही निरनिराळी. त्रिमिती स्मूदिंग पट्टीचं अंतर मोजतं. ते खाच ओलांडून पलीकडच्या काठाचा संकेत अलीकडे आणतं आणि वाटेत पांढरं द्रव्य किंवा मेंदूजल लागलं तर तेही मिसळून टाकतं. ॲण्डर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांनी १९९९ मध्ये यावर उपाय मांडला. साल संगणकात उलगडून घ्यायची आणि स्मूदिंग तिच्यावरूनच, घाटाच्या रस्त्याने करायचं. ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पाने हीच वाट धरली आणि किमान प्रक्रियेत स्मूदिंग जेमतेम २ मिलिमीटरवर ठेवलं.

काही प्रश्न असे असतात की त्यांत ठिपक्यांची नक्षी हाच संकेत असतो. जेम्स हॅक्सबी यांनी २००१ मध्ये दाखवलं, की माणूस चेहरा पाहतो आहे, घर पाहतो आहे की मांजर, हे मेंदूच्या तळाकडच्या भागातल्या व्होक्सेलच्या एकूण नक्षीवरून ओळखता येतं. कुठला व्होक्सेल किती उजळला, याचा तो रांगोळीसारखा नकाशा असतो. रांगोळीवरून हात फिरवला तर रंग उरतात, चित्र जातं. म्हणून अशा अभ्यासांत बहुतेक जण स्मूदिंग टाळतात किंवा अगदी कमी ठेवतात. तरी हान्स ऑप द बेक यांनी २०१० मध्ये दाखवलं, की काही नक्षी इतक्या मोठ्या घडणीच्या असतात की थोड्या स्मूदिंगने बिघडत नाहीत. इथेही प्रश्न आकाराचाच निघाला.

याचा एकत्रित परिणाम किती होतो, हे २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासातून कळलं. तेल अवीवमध्ये १०८ जणांना यंत्रात झोपवून जुगाराचे सौदे दाखवले होते. त्यांची सगळी माहिती जगभरच्या ७० गटांना दिली आणि तेच नऊ प्रश्न विचारले. कुठल्याही दोन गटांनी सर्वस्वी सारखी पद्धत वापरली नाही. सरासरी एका प्रश्नावर वीस टक्के गटांचं उत्तर बहुमताच्या उलट होतं. ज्या गटाचा अंतिम सांख्यिकी नकाशा अधिक मऊ, त्याचं उत्तर ‘हो’ असण्याची शक्यता अधिक. यातला बारकावा मला फार मोलाचा वाटतो. गटांनी स्वतः ठरवलेल्या स्मूदिंगच्या आकड्याचा ‘हो’शी असा थेट संबंध ठळकपणे दिसला नाही. मऊपणा इतर पायऱ्यांतूनही येतो. मेंदू प्रमाण नकाशावर ताणताना येतो आणि डोक्याच्या हालचालींचा हिशोब कसा केला त्यावरही कमीजास्त होतो. म्हणजे निबंधात ‘५ मिलिमीटर’ असं प्रामाणिकपणे लिहिलं, तरी नकाशा प्रत्यक्षात किती मऊ झाला ते त्यातून कळत नाही. ते वेगळं मोजावं लागतं. मोजायची साधनं प्रत्येक आज्ञावलीत असतात, पण तो आकडा छापणारे कमी.

मग आकडा निवडायचा कसा? शोधतोय ती गोष्ट केवढी आहे, हे शरीररचनेवरून आणि आधीच्या कामावरून आधी ठरवायचं. अमिग्डाला, ब्रेनस्टेममधली केंद्रं असे मेंदूतले लहान भाग, किंवा ज्याची शस्त्रक्रिया करायची आहे अशा एकाच रुग्णाच्या भाषेच्या भागाची हद्द शोधायची असेल, तर स्मूदिंग कमीच ठेवावं लागतं. सर्जनला गटाची सरासरी नको असते, याच माणसाची कड हवी असते. पुष्कळ माणसांत विस्तृत पसरलेला परिणाम शोधायचा असेल, तर ६ ते ८ मिलिमीटर घेण्यात गैर काही नाही. पण ४, ६, ८, १० असं सगळं करून बघायचं आणि ज्यात डाग छान उठला तो छापायचा, याला निवड म्हणत नाहीत. हा शोधच झाला, आणि शोधाची किंमत मोजायला हवी. वॉर्स्ली यांनी १९९६ मध्ये त्याचाही मार्ग दाखवला होता. स्मूदिंगची रुंदी ही चौथी मिती धरायची, सगळ्या रुंदींत मिळून शोधायचं आणि तितक्या शक्यतांसाठी उंबरठा वाढवायचा. हा मार्ग काटेकोर आहे, पण तो फार थोड्यांनी वापरला. उंबरठा वाढला की आवडते डाग बुडतात.

स्मूदिंग एकदा झालं की ते उलटवता येत नाही. गोंगाटाबरोबर बारीक तपशीलही गेलेला असतो आणि तो कुठून आणणार? म्हणून कच्ची चित्रं जपून ठेवण्याचा आग्रह वाढला आहे. ओपनन्यूरोसारख्या सार्वजनिक भांडारांत अशी चित्रं कुणालाही मिळतात, म्हणजे वेगळ्या आकाराचा प्रश्न असलेला माणूस त्यांवर वेगळा आकडा लावून पाहू शकतो. आणि कच्ची चित्रं विश्लेषणासाठी तयार करण्याच्या कामाला एफएमआरआयप्रेप ही आज्ञावली आज जगभर वापरली जाते. ती डोक्याची हालचाल दुरुस्त करते, मेंदू कवटीपासून वेगळा करते, त्याला प्रमाण नकाशावर बसवते, साल उलगडते. एवढं सगळं माणसाला न विचारता उरकून ती चित्रं स्मूद न करताच संशोधकाच्या हाती देते. किती मिलिमीटर, हे तिच्या कर्त्यांनी मुद्दाम त्याच्यावर सोडलं आहे.